हिरव्या टिकलीवाली

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी टिकली काढायला सांगितली, तेव्हा मी आधी वहिनींकडे बघितलं.

वहिनी म्हणजे गिरगावातल्या ज्या घरी मी आजींना सांभाळायला जाते, त्या घरातल्या सूनबाई. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माझ्यासाठी त्यांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती आणि पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली तशी मी टिकली सोलून काढली आणि मनगटावर चिकटवून ठेवली. माझी टिकली मोठी असते, जुन्या रुपयाएवढी. तिच्याखाली जे आहे ते मी कुणाला दाखवत नाही. तोंड धुताना मी स्वतःसुद्धा आरशाकडे बघत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात सावकाश होता. माझ्या दोन भुवयांच्या मधोमध एक उंचवटा आहे. लालसर, चकचकीत, बोराच्या बीसारखा. तो त्यांनी बोटाने दाबून बघितला, कडेने चाचपला.

"खाजतं का ताई?"

"खाजतं."

"दुखतं?"

"टिकली काढताना."

"मग लावता कशाला?"

ह्याला एका वाक्यात काय उत्तर देणार? 

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि माझ्या कपाळावर आखायला सुरुवात केली. हिरवट निळी, गार शाई. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो तशा त्या खुणा करत होत्या आणि बोलत होत्या. "आधी ज्यांनी काढलं त्यांनी उभा छेद घेतलाय. कपाळाला आठ्या पडतात आडव्या, त्यामुळे उभी शिवण सारखी ओढली जाते. आता हे सगळं काढून आडवं शिवता येईल. बारीक रेघ राहील, ती आठीत लपेल. पण ताई, तुमची कातडी व्रण वाढवणारी आहे. मी कितीही छान शिवलं तरी हे पुन्हा येणार नाही, अशी हमी देत नाही. आत्ता आहे त्याहून मोठंही येऊ शकतं."

"त्यावर इंजेक्शनं असतात ना?" वहिनींनी विचारलं. त्या मोबाइलवर सगळं वाचून आल्या होत्या.

"असतात. ऑपरेशननंतर घ्यावीच लागतील. न कापता नुसती इंजेक्शनंही देता येतात. खाज कमी होईल, थोडं बसेल, पण पुरतं जाणार नाही. आणि काहीही केलं तरी तिथे टिकली बंद." मग पेनाला टोपण लावून त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी काहीच म्हणत नाहीये. कपाळ तुमचं आहे."

मी पुन्हा वहिनींकडे बघितलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघा."

"ती फार घाबरते हो," वहिनी म्हणाल्या. "पण करून घेईल. आम्ही आहोत ना."

माझ्या जिभेवर एक प्रश्न आला होता, तो मी गिळला. घाई नाही, विचार करून या, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या जागी आधी गोंदण होतं. माझं माहेर मराठवाड्यात. आमच्याकडे पोरगी जरा कळती झाली की तिचं कपाळ गोंदायचे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी पोरी वाचल्या, कारण तोवर काही घरांतून ती पद्धत गेली होती. आमच्या घरातून गेली नव्हती. आईच्या कपाळावर एक उभी हिरवी रेघ होती, रेघेच्या दोन्ही अंगांना ठिपके आणि वर एक चांदणी. आई तिला तुळस म्हणायची. अगदी तशीच तुळस तिला माझ्या कपाळावर हवी होती. गोंदणारी बाई ओसरीवर बसली, आईने माझं डोकं आपल्या गुडघ्यांत धरलं आणि तिचं बोट माझ्या दातांत दिलं. "रडू नको, चाव." मी चावले. ते बोट नंतर सुजलं होतं, आणि आई आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत होती. "बघा, माझ्या वाघिणीनं चावलं."

सुया थांबल्यावर ती मला म्हणाली होती, "डागडागिना काय, लोक मेल्यावर उतरवून घेतात. हे कुणाच्या बापाला उतरवता येत न्हाई."

माझी शाळा सातवीला सुटली. पुढची शाळा तालुक्याला होती आणि आमच्या फाट्यावर एसटी थांबली तर थांबली. मग लग्न झालं, आणि ह्यांच्या मामाच्या ओळखीने आम्ही शिवडीला आलो. हे गोदामात माल चढवा-उतरवायच्या कामाला लागले. मी आधी भांडी-लादी करत होते. पुढे वहिनींकडे आजींचं बघायला लागले ती आजतागायत तिथेच आहे. त्या घराने मला जे दिलं ते सांगायला बसले तर हे लिखाण तिथेच संपेल. औषधांच्या पट्ट्यांवरची इंग्रजी नावं वाचायला वहिनींनी शिकवलं. आजींना पेपर वाचून दाखवता दाखवता माझं वाचन सुधारलं. आणि ह्यांच्या पायावर लाकडी पेटी पडली, तेव्हा मी नुसती रडत उभी होते. वहिनी बँकेतून तशाच धावत आल्या, ह्यांना दाखल केलं, डॉक्टरांशी बोलल्या, माझ्या हातात वडापाव कोंबला आणि म्हणाल्या, "आधी खा. तू पडलीस तर मी एकटी कुणाकुणाला उचलू?"

ह्यांचा पाय नीट झाला. माझी भीती मात्र तेव्हापासून नीट झाली नाही. हे कामावर गेले की संध्याकाळी जिन्यात पावलं वाजेपर्यंत माझा जीव टांगलेला असतो. गोदामात क्रेन आहेत, ट्रक मागे येतात, दोर तुटतात. हे हसतात, पण मला हसू येत नाही.

गोंदणाचं पुढे असं झालं. वहिनींच्या बिल्डिंगमध्ये एक बाई राहायला आल्या. जिन्यात भेटल्या की त्यांची नजर थेट माझ्या कपाळावर. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्यात हे सगळ्यांनाच असतं का?" 'तुमच्यात' म्हणजे त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. मला शिवडीत आणि दादरच्या दुकानांतून ते नेहमी कळतं. मी "हो" म्हणून पिशवी घेऊन वर आले. पण वहिनी मागून जिना चढत होत्या, त्यांनी ऐकलं होतं. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं. दोन-तीन दिवस त्या घुमसत होत्या. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, हल्ली हे काढता येतं. दादरला माझ्या मैत्रिणीचं क्लिनिक आहे. तिच्याशी मी बोलते. तुला काही बघावं लागणार नाही."

आता खरं लिहायचं तर, मला ते काढायचं नव्हतं असं नाही. आणि काढायचं होतं असंही नाही. कधी दुकानाच्या काचेत कपाळ दिसलं की वाटायचं, हे नसतं तर बरं. कधी आईची आठवण आली की बोट आपोआप तिथे जायचं. एवढं सगळं त्या चहाच्या वेळी कसं बोलणार? वहिनींचा चेहरा इतका आनंदाने फुलला होता. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

क्लिनिकमध्ये आधी लेझर मारला. गोंदण फिकं झालं, पण गेलं नाही. गावाकडची काजळी आहे, खोल गेलीय, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. मग कापून शिवायचं ठरलं. टाके निघाल्यावर आरसा दिला. एक सरळ गुलाबी रेघ, बस. वहिनींनी टाळी वाजवली. मला स्वतःचं तोंड ओळखीचं वाटेना, पण मीही हसले. डॉक्टरांनी धुऊन पुन्हा लावायची पट्टी दिली, ऊन टाळा म्हणाल्या, आणि चांगलं बजावून सांगितलं की इथे टिकली लावायची नाही. मी मान डोलावली. त्या वेळी त्यात अवघड काय असेल, असं मला वाटलं नव्हतं.

गिरगावात काहीच झालं नाही. तिथे बायका टिकलीशिवाय हिंडतात, कुणी बघत नाही. पण शिवडीला आमच्या चाळीत नळावर गेले तर शेजारीण हातातली बादली खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या कपाळाला पट्टीही नव्हती, धुवायला काढली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "काय गं, भाऊजी बरे आहेत ना?"

त्या वेळी हे गोदामात होते.  तिने विचारलं म्हणजे तिला काही कळलंय, असंच मला वाटलं. ह्यांना फोन लावला, तो उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. शेवटी उचलला आणि ओरडले, "काय आहे? वर चढलोय मी!" आवाज ऐकला तरी माझं काळीज ठिकाणावर येईना. खोलीत गेले, डब्यातली सगळ्यात मोठी लाल टिकली काढली आणि त्या कोवळ्या रेघेवर दाबून बसवली. तेव्हा कुठे श्वास आला.

मग ती रोजच लागत गेली. रात्री उपटायची, सकाळी लावायची. गोंद लागून जागा ओली व्हायची, खाजायची, मी खाजवायचे, वर पुन्हा टिकली. वहिनींकडे जाताना मी वाटेत ती काढून पट्टी लावत असे आणि परतताना चर्नी रोडच्या पुलाखाली थांबून पुन्हा टिकली. हे एकदा म्हणाले, "अगं, हेल्मेट घालतो मी. तुझ्या टिकलीनं काय क्रेन थांबते व्हय?" मी म्हटलं, "थांबत नसेल. पण माझी धडधड थांबते ना." 

रेघ जाड होत गेली. मग फुगली. वहिनींच्या लक्षात आलं तोवर तिचा उंचवटा झाला होता. मला वाटलं त्या रागावतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस, की तुला मोकळ्या कपाळाची भीती वाटते?" मला स्वतःलाच आधी कुठे ठाऊक होतं? कपाळ मोकळं झालं तेव्हाच ती भीती कळली.

ह्या सगळ्यात आजींचं एक निराळंच झालं.

आजी नव्वदीच्या आसपास. त्यांना जुनं सगळं लख्ख आठवतं आणि सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. नावं तर कधीच गेली. मला त्या 'हिरव्या टिकलीवाली' म्हणायच्या. "ए हिरव्या टिकलीवाली, माझा चष्मा बघ." "त्या हिरव्या टिकलीवालीला सांगा, आमटीत गूळ जास्त झालाय." मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं, मुलाच्या नावात गोंधळ होतो पण माझ्यात होत नाही म्हणून.

गोंदण गेलं आणि आजींच्या लेखी मीच गेले. पट्टी लावून पहिल्यांदा समोर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कोण? ती हिरव्या टिकलीवाली कुठे गेली?"

"मीच ती, आजी."

"काहीतरीच. ती बरी होती. तुझ्या पोळ्या जाड आहेत."

पोळ्या तेव्हाही मीच करत होते, आणि तेवढ्याच जाड. वहिनी हसून हसून बेजार झाल्या, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी आजींनी पातळाचा पदर मुठीत घट्ट धरला आणि म्हणाल्या, "परक्या बाईसमोर मी कपडे सोडणार नाही." ज्या पाठीला मी वर्षानुवर्षं साबण लावला ती पाठ त्यांनी भिंतीला टेकवून धरली. तेव्हापासून रोज तेच. रोज मी नवी. रोज आधी ओळख पटवायची, मग मन वळवायचं, आणि तरी त्या अंघोळभर अंग चोरून बसायच्या. वहिनी म्हणायच्या, वय झालंय, विसरणारच होत्या कधीतरी. खरं असेल. पण मी त्यांचं काम सोपं करायला त्या घरात आले होते, आणि त्यांची एकुलती एक खूण माझ्याच हाताने पुसून बसले होते.

गेल्या दिवाळीत मी गावी गेले. आई आता फार बघू शकत नाही, मोतीबिंदू पिकलाय. मी उंबऱ्यात पाय ठेवला तशी ती नेहमीसारखी पुढे आली. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून ते आपल्या कानशिलावर नेऊन कडाकड बोटं मोडायची तिची सवय. हात कपाळावरून खाली येताना थांबले. अंगठा त्या उंचवट्यावर गेला, टिकलीसकट. तिने टिकली नखाने उचलली आणि तिथेच बोट ठेवून उभी राहिली.

"हे काय गं माय?"

मी सगळं सांगितलं. वहिनींचं, क्लिनिकचं, टिकलीचं. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, निदान बापाची आठवण काढेल. तिने एवढंच विचारलं, "लई दुखलं का?"

"नाही. सुन्न करतात."

"मग मला बोलवायचं होतंस. बोट दिलं असतं."

बोटं मोडायची मात्र ती त्या वेळी विसरली. मी निघाले त्या सकाळी तिने कुंकवाचा करंडा आणला आणि चाचपत माझ्या कपाळाला लावलं. नेहमीच्या जागी नाही. त्याच्या पुष्कळ वर, केसांच्या मुळाशी. "तितं नगं. तितं जखम हाय."

एसटीत बसल्यावर मला तिचं जुनं बोलणं आठवलं. कुणाच्या बापाला उतरवता येत नाही. कुणाच्या बापाने उतरवलंच नव्हतं. मीच उतरवून दिलं होतं, कुणी नीट मागितलंही नसताना.

गावाहून आल्यावर उंचवटा आणखी खाजायला लागला. वहिनींना राहवेना. आपल्यामुळे झालं, आपणच निस्तरायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. त्यांनीच परळच्या ह्या डॉक्टरीणबाईंचा शोध लावला. तर तिथून निघालो तेव्हा माझ्या कपाळावर त्या पेनाच्या खुणा तशाच होत्या. टॅक्सीत वहिनींनी ओला टिश्यू दिला. "पूस जरा, लोक बघतील." मी पुसलं. थोडं गेलं, बाकीचं पसरून हिरवं झालं. वहिनींना बँकेत परतायचं होतं म्हणून त्या वाटेत उतरल्या. उतरताना माझा हात दाबून म्हणाल्या, "ह्या वेळी आपण सगळं नीट करू हं." मला एकदम भरून आलं. एवढं माझ्यासाठी कोण करतं? पण ह्या वेळीही मी होच म्हणणार, हे मला दिसत होतं.

मी गिरगावच्या वाडीत पोचले. शेजारच्या काकू आजींपाशी बसल्या होत्या, त्या मला बघून उठल्या. आजी खिडकीतल्या खुर्चीत होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आलीस होय? किती दिवस लावलेस गं गावाला!"

मी जागच्या जागी उभी राहिले.

"ह्या लोकांनी मधे दुसरीच कुणी कामाला ठेवली होती," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या. "मेली फार घाई करायची. अंघोळ घालताना हात कसा, खराट्यासारखा. बरं झालं तू आलीस."

त्या दिवशी अंघोळीला त्यांनी पदर धरला नाही. पाठ पुढे करून बसल्या आणि त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत राहिल्या, ती मी शंभरदा ऐकलेली आहे. मी पाणी घालत होते आणि डोळे बाहीला पुसत होते. वाफेने माझ्या कपाळावरची शाई ओघळून भुवईत उतरली. दुपारी त्या झोपून उठल्या तेव्हा बऱ्याच खुणा गेल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नवी का?"

घरी ह्यांना सांगितलं तर आधी हसले. "मग रोज स्केचपेननं काढून जात जा की." मग माझं तोंड बघून म्हणाले, "मला विचारशील तर परत कापून घेऊ नकोस. पण मला विचारू नकोस. मागच्या वेळी सगळ्यांना विचारलंस, तसं करू नकोस."

मी काजळाची पेन्सिल घेऊन आरशासमोर बसले. पुष्कळ दिवसांनी नीट बघितलं. उंचवट्याच्या वरच्या कातडीवर तुळस काढायला घेतली. रेघ आली, चांदणी आली, आणि ठिपके काढायची वेळ आली तशी पेन्सिल थांबली. एका अंगाला किती होते? तीन की चार? वर्षानुवर्षं माझ्या कपाळावर होते आणि मला सांगता येईना. लग्नाच्या फोटोत कपाळावर मळवट आहे, आधार कार्डावर नुसता काळा डाग आहे. आईला फोन लावला.

"आई, आपल्या तुळशीला ठिपके किती गं?"

"मला काय म्हाईत?"

"तुझ्या कपाळावर आहेत की."

"माझं मला कुटं दिसतं?" आई म्हणाली. "आमच्या घरात आरसा तरी होता का मोठा? मी तुझंच बघायची. तुझं कपाळ बघितलं की वाटायचं, माझंबी असंच दिसत असंल."

मी फोन ठेवला आणि ओल्या फडक्याने पेन्सिल पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बँकेत जायच्या आधी स्वयंपाकघरात डबा भरत होत्या. मी कणीक मळत होते. हात कणकेत होते म्हणूनच बोलू शकले असेन.

"वहिनी, मला कापून घ्यायचं नाही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "घाबरलीस का? मी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेते."

"घाबरले नाही. म्हणजे घाबरलेय, पण त्यासाठी नाही. इंजेक्शन घेईन, खाज फार सुटते. कापायचं नाही."

"आणि हे असंच राहिलं तर?"

"राहू दे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला पहिलंसुद्धा काढायचं नव्हतं का?"

मी कणीक पुन्हा पुन्हा तिंबत राहिले.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं केलंत आमच्यासाठी."

"म्हणून काय कपाळ द्यायचं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. आत आजींना ऐकू जाईल म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. "मला वाटलं, त्या जिन्यातल्या बाईच्या तोंडातून मी तुला सोडवतेय. तिला चार शब्द सुनवायचे होते खरं तर. ते मला जमलं नाही, म्हणून तुला दवाखान्यात नेलं."

त्यांचे डोळे भरले. माझेही. त्यांच्या खांद्याला हात लावावा असं वाटलं, पण हाताला पीठ होतं. त्या नाक ओढून म्हणाल्या, "पोळ्या जरा पातळ लाट आज. आई रोज ऐकवतात." आणि डबा घेऊन गेल्या. काही विसरलं म्हणून पुन्हा वर आल्या नाहीत, म्हणजे ठीक होत्या, एवढं मी धरून चालले.

परळला मी एकटीच गेले. मुंबईत दवाखान्यात एकटी जायची माझी ती पहिलीच वेळ. डॉक्टरीणबाईंनी दाराकडे बघितलं. "आज सोबत कुणी नाही?"

"नाही. कापायचं नाही, फक्त इंजेक्शन द्या, खाजेसाठी."

"बरं." त्यांनी काही समजावलं नाही. सुई टोचली, ती मात्र चांगलीच दुखली, आणि मी दातांत स्वतःचंच बोट धरलं. कापूस दाबून धरताना तो गिळलेला प्रश्न मी विचारला. "इथे आधी गोंदलेलं होतं. तेच पुन्हा इथे गोंदता येतं का?"

त्यांनी कापूस उचलून बघितला, पुन्हा ठेवला. "नाही हो ताई. ह्या कातडीला सुया लावल्या की ती आणखी वाढेल. आणि शाईही धरणार नाही. आजूबाजूलासुद्धा मी सांगणार नाही."

मला हे आतून ठाऊक होतंच. तरी ऐकायचं होतं. खाली आल्यावर परळच्या त्या रस्त्यावर हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून मी जरा वेळ उभी राहिले. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. ते काढलं नाही. कुंकवाची डबी काढली आणि केसांच्या मुळाशी बोट टेकवलं, आईने लावलं होतं तिथे. त्या रस्त्यावर कुणाला त्याचं काही नव्हतं. ह्यांना फोन मात्र केलाच. उचलून म्हणाले, "जिवंत आहे. ठेव."

गिरगावात आजी खिडकीत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. कपाळ उघडंच होतं. उंचवट्यावर सुईचा लाल ठिपका होता. त्यांनी वर केसांपाशी बघितलं, खाली उंचवट्यावर बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"तू नवी का?"

मी रोज म्हणते तसं 'मीच ती' तोंडाशी आलं होतं.

"हो आजी," मी म्हटलं. "नवीच."

"बरं. मग नीट ऐक. पोळी पातळ लागते मला. आणि पाठीला हात हळू लावायचा. आधी एक होती, तिला विचार, ती सांगेल."

"विचारते," म्हणून मी पाणी तापवायला आत गेले.